पान नऊच्या डावीकडे

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर चष्म्याचं दुकान आहे, त्याच्या पलीकडे चाव्या करणारा बसतो, आणि या दोघांच्या मधल्या फटीत मावशींचं झेरॉक्सचं दुकान आहे. फटीत म्हणजे अगदी फटीत. दोन मशीनं, एक स्टूल, बाइंडिंगचं यंत्र आणि मावशी एवढंच आत मावतं. गिऱ्हाइकानं रस्त्यावर उभं राहायचं आणि कागद आत सरकवायचा. एकोणीस वर्षांत या फटीसमोर इतकी पोरं उभी राहिली की अर्धं शहर त्यांना मावशी म्हणतं. सख्खी भाची मात्र एकच, आणि ती गुरुवारी आली, एक सुटकेस, एक उशी आणि बापाची एक अट घेऊन.

अट साधी होती. भाचीचे वडील म्हणजे मावशींचे भावजी, थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. त्यांच्या गावातला प्रत्येक दुकानदार वर्षातून एकदा आपला काटा त्यांच्या टेबलावर आणून ठेवतो, आणि भावजी त्यावर एकेक वजन ठेवून, श्वास रोखून, काटा कुठे थांबतो ते बघतात. अशा माणसानं ऐकीव गोष्टीवर पोरीला परक्या शहरात सोडणं शक्य नव्हतं. सोमवारी प्रवेश पक्का करायचा शेवटचा दिवस. त्यांनी मुलीला सांगितलं होतं की रविवारी मावशीबरोबर सगळं शहर फिर, आणि संध्याकाळी पाच वाजता मावशीनं मला फोनवर सांगावं, ठेवू का परत आणू. तुझ्या मावशीला ते शहर तळहातासारखं माहीत आहे. ती म्हणेल ते मला मान्य.

भाचीनं हे सांगितलं तेव्हा मावशी एक जाडजूड प्रबंध बाइंड करत होत्या. यंत्राचा दांडा खाली दाबलेलाच राहिला आणि प्रबंधाला नको तिथे दोन भोकं जास्त पडली.

कारण मावशींनी शहर पाहिलेलं नव्हतं.

हे वाचून कुणाचा विश्वास बसणार नाही. फाटकासमोरच्या कुठल्याही पोराला विचारा, शहराबद्दल कुणाला विचारायचं, तर तो त्या फटीकडे बोट दाखवेल. कुठली बस घ्यायची, भाड्याची खोली कशी पारखायची, आजारी पडलं तर कुठल्या दवाखान्यात रांग लवकर सरकते, सगळं मावशींना तोंडपाठ. आणि ज्याला ऐकून लक्षात राहणार नाही त्याच्यासाठी त्यांच्याकडे वही असायची. वही म्हणजे बावीस पानं, कोपऱ्यात पिन मारलेली, वर शीर्षक वगैरे काही नाही. नव्या मुलाच्या हातात ती द्यायची आणि म्हणायचं, एवढं वाच, मग मला काय विचारायचं ते विचार.

या वहीचा जन्मही धंद्यातल्या एका नेहमीच्या गोष्टीतूनच झाला. लोक प्रत घेऊन जातात आणि मूळ कागद काचेवरच विसरतात. झाकण उघडावं तर खाली कुणाचा तरी जन्मदाखला झोपलेला असतो. मावशी शहरात आल्या त्या चुलतभावाचं दुकान दोन महिने सांभाळायला. चुलतभाऊ परत आलाच नाही, दुकान गळ्यात पडलं. पहिल्याच महिन्यात एका रविवारी त्या हौसेनं बसमध्ये चढल्या आणि हरवल्या. साधंसुधं हरवणं नव्हे. चार तास एकाच चौकात वेगवेगळ्या बाजूंनी येत राहिल्या, शेवटी फुटपाथवर बसून रडल्या, आणि एका टपालवाल्यानं त्यांना फाटकापर्यंत आणून सोडलं, पाकीट पोचवावं तसं. त्यानंतर त्या घर आणि दुकान यांमधल्या दोन थांब्यांपलीकडे गेल्या नाहीत.

आणि पुढच्याच आठवड्यात काचेवर ते नऊ कागद राहिले. कुणा मुलानं मागून येणाऱ्या धाकट्या भावासाठी लिहिलेले. अक्षर बारीक, घाईचं, पण डोकं शांत. पहिलंच वाक्य होतं: 'स्टेशनवर उतरलास की चालू नकोस. बॅग दोन पायांत धर आणि एका खांबाला पाठ लावून पाच मिनिटं उभा राहा. गर्दी स्वतःच तुला दार दाखवेल.' मावशींनी ते वाचलं आणि त्यांना वाटलं, हा कागद आठ दिवस आधी का नाही आला. त्यांनी वाट पाहिली. कुणी परत आलं नाही. मग फाटकाबाहेर भेदरून उभ्या असलेल्या एका मुलीला त्यांनी त्या नऊ पानांची प्रत काढून दिली. मग आणखी एकाला. दिलेली मुलं परत यायची आणि सांगायची, मावशी, यात हेही घाला. मावशी चिठ्ठी चिकटवायच्या, वर्षाच्या सुरुवातीला नवी प्रत काढायच्या, पुढच्या वर्षी त्या प्रतीवर आणखी चिठ्ठ्या, मग तिची प्रत. मूळ नऊ कागद घरच्या ड्रॉवरमध्ये, प्लास्टिकच्या पाकिटात. मूळ कागद सारखा दिव्याखाली घातला की विटतो, हा त्यांचा नियम.

जायचं का नाही? कधीतरी जायचंच होतं. पण जो रविवार यायचा त्याला प्रबंध घेऊन कुणीतरी चिकटलेलं असायचं, आणि नंतर नंतर तर एक वेगळीच अडचण झाली. सगळ्यांना रस्ता सांगणाऱ्या बाईनं वही हातात धरून रस्त्यावर उभं राहायचं कसं? झाकली मूठ सव्वा लाखाची. बहिणीलाही त्या फोनवर शहराचं वर्णन इतकं रंगवून सांगायच्या की बहीण म्हणायची, तुझी मजा आहे बाई.

रविवारी सकाळी साडेसातला मावशी तयार होत्या. केस धुतलेले, पायात नवे बूट, पर्समध्ये वही. भाचीनं विचारलं, कुठून सुरुवात करायची. मावशी म्हणाल्या, स्टेशनवरून. भाची म्हणाली की मी स्टेशनवरूनच तर आले. मावशींनी ठणकावून सांगितलं की आलीस ती रिक्षात बसून सरळ घरी आलीस, तो येण्यातला प्रकार नव्हे.

स्टेशनवर त्यांनी भाचीला एका खांबाला टेकवून उभं केलं आणि स्वतः शेजारच्या खांबाला पाठ लावली. लोखंड गार होतं. एक गाडी आली, माणसं भसाभसा बाहेर पडली, सगळीकडून सगळीकडे. पहिलं मिनिट नुसता गोंधळ. दुसऱ्या मिनिटाला मावशींना दिसलं की गर्दीला धार आहे, मोठी धार उजवीकडे वळते, लहान धार जिन्याकडे. तिसऱ्या मिनिटाला ते दार दिसलं, वर घड्याळ असलेलं, वहीत होतं अगदी तसं. मावशींनी खांबावर हात फिरवला. एकोणीस वर्षं जे वाक्य त्या पोरांच्या हातात ठेवत आल्या होत्या त्याला पाठ लावून त्या उभ्या होत्या.

भाचीनं विचारलं, "मावशी, रडतेस का?"

"डोळ्यांत काहीतरी गेलं. चल, आता बस."

बसमध्ये डावीकडची खिडकी, ड्रायव्हरच्या मागची दुसरी, कारण सकाळी त्या बाजूला ऊन नसतं. खरंच नव्हतं. रस्ता विचारायचा तर हातात भाजीची पिशवी असलेल्या माणसाला, तो इथलाच असतो. चाकांची बॅग ओढणाऱ्याला विचारू नये, तो तुझ्याइतकाच नवा. त्यांनी भाजीच्या पिशवीवाल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, त्यानं अचूक सांगितलं, वर कोबी कुठे चांगला मिळतो तेही सांगितलं. मोठ्या वाचनालयाचा दुसरा मजला, लांब टेबलं, कुणी हटकत नाही, पण खिडकीपासूनची तिसरी खुर्ची घेऊ नये, ती कुरकुरते. मावशी सरळ त्या तिसऱ्या खुर्चीवर जाऊन बसल्या. खुर्ची कुरकुरली. सगळ्या टेबलानं माना वर केल्या आणि मावशींच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की समोरचा विद्यार्थीही हसला. त्यांनी मुद्दाम आणखी एकदा कुरकुरवली.

दुपारी न्यायालयामागचं उपाहारगृह. दोननंतर जायचं, वकील उठून गेलेले असतात आणि उरलेलं सूप वाढपी वाटी भरून देतो. रविवारी वकील नव्हतेच, पण वाटी खरोखर भरून आली, बशीत सांडली. मावशींनी एकेका घोटागणिक पुढचं वाक्य मनात म्हणून घेतलं, पाठ केलेली कविता वर्गात म्हणताना पोरं पुढची ओळ जिभेवर धरून ठेवतात तसं. शहर एकही ओळ चुकत नव्हतं. त्यांना वाटत होतं की कुणीतरी हे सगळं काल रात्रीतून, वही समोर ठेवून, त्यांच्यासाठी बांधून काढलंय.

भाची मात्र आता त्यांच्याकडे जास्त आणि शहराकडे कमी बघत होती. मावशी प्रत्येक जिन्याच्या पायऱ्या मोजत होत्या. ज्या गोष्टीची सवय झालेली असते तिच्याकडे माणूस असं बघत नाही, एवढं अठराव्या वर्षीही कळतं.  तिनं वही मागून घेतली आणि पानं चाळत राहिली.

चार वाजायला आले तेव्हा तिनं पान नऊ उघडलं. हे त्या मुलानं लिहिलेलं शेवटचं पान, यानंतरची सगळी पानं इतरांची. वर एवढंच होतं: 'रविवारी दुपारी चार वाजता खोलीत बसू नकोस. रविवारचे चार सगळ्यांचेच वाईट असतात. इथे जा.' खाली हातानं काढलेला नकाशा. वाचनालय, न्यायालय, मग तिरका रस्ता, त्याच्या टोकाला निळ्या दारांचं गोदाम, आणि गोदामाशेजारून निघून डावीकडे जाणारा एक बाण. बाण कागदाच्या कडेपर्यंत जात होता आणि तिथे संपत होता.

कुठे जा, हे विद्यार्थी अलीकडे दर वर्षी विचारायचे, आणि मावशींचं उत्तर ठरलेलं होतं. बाण म्हणजे बाहेर पड, कुठेही जा. मुलांना हे फार आवडायचं. एकानं तर त्यावर निबंध लिहिला होता आणि त्याच्या चार प्रती मावशींकडूनच काढून नेल्या होत्या.

तिरका रस्ता सापडला. गोदामही सापडलं, निळी दारं, रंगाचे पोपडे उडालेले. मावशी दारापाशी थांबल्या. डावीकडे एक बोळ उतरत गेला होता आणि त्या बोळातून ओला, थोडा गढूळ वास येत होता. भाची बोळाकडे निघाली. मावशी जागच्या हलल्या नाहीत. हा तोच चौक होता. गोदामाला तेव्हा वेगळा रंग होता, पण समोरचा तो वाकडा दिव्याचा खांब, ज्याला त्या चार तासांत सहा वेळा भेटल्या होत्या, तो तसाच वाकडा होता.

"पुढचं पानात नाहीये," त्या म्हणाल्या. "परत जाऊ या. पाच वाजता फोन येईल."

भाची परत आली. तिनं वही उघडली आणि मावशींच्या नाकासमोर धरली. तिचं म्हणणं असं की तिनं सगळी पानं पाहिली आहेत, आणि पहिल्या नऊ पानांवर डावीकडे समास उरलेलाच नाही. पान चारवर ओळींची पहिली अक्षरं अर्धी आहेत. उजवीकडे मात्र दोन बोटं जागा कोरी. कुणी माणूस असा चिकटून लिहीत नाही.

मावशींनी बघितलं. आणि धंद्यातल्या माणसाला दुसऱ्यानं समजावून सांगावं लागत नाही. काचेच्या कडेचा केसभर पट्टा मशीन घेत नाही. दर वर्षी प्रतीची प्रत. दर वर्षी कागद त्याच कोपऱ्याला चिकटवून ठेवायचा, हाताला ती सवयच. केसभर, केसभर, केसभर. एकोणीस वर्षं. येणाऱ्या प्रत्येक पोराला त्या बजावत आल्या होत्या, कडा सोडून लिहा रे, मशीन कडा खातं. आणि स्वतःच्या वहीची कडा स्वतःच्या मशीनला भरवत बसल्या होत्या.

"दिव्याखाली अंधार," भाची म्हणाली.

मावशींना आधी लाज वाटली आणि मग एकदम हसू आलं, आणि हसता हसता जे बोलायचं नव्हतं ते बाहेर पडलं. त्या फुटपाथच्या कठड्यावर बसल्या. म्हणाल्या, "मी यातलं काही पाहिलेलं नाही गं. आज पाहतेय. तुझ्याबरोबर."

भाचीनं जराही आश्चर्य दाखवलं नाही. ती म्हणाली की खांबाला पाठ लावलीस तेव्हाच मला शंका आली होती, आणि खुर्ची दुसऱ्यांदा वाजवलीस तेव्हा खात्री झाली. मग तिनं वही मिटली. तिच्या डोक्यात काय आलं असेल ते मावशींनाही कळलं. पाच वाजता हे बाबांना कळलं तर सुटकेस परत बांधायची.

"त्यांना सांगू नकोस ना," भाची म्हणाली. "आजच्या दिवस."

 त्या उठल्या, बूट झटकले आणि बोळात शिरल्या. आता पुढे त्याच होत्या.

बोळ संपला आणि समोर नदी होती. एवढी मोठी नदी शहराच्या अंगाला लागून वाहत होती आणि मावशींनी ती एकदाही पाहिली नव्हती. पायऱ्या खाली उतरत होत्या, खाली एक होडी, लाकडी बाकं, लोक बसत होते. पलीकडचा काठ उंच, गवताचा. होडीवाला ओरडला की बसायचं तर बसा, नाहीतर दोर सोडतो. त्या धावल्या. पंचेचाळीस वर्षांची बाई नव्या बुटात पायऱ्यांवरून धावली, भाचीच्या आधी होडीत पोचली आणि तिनं भाचीला हात दिला.

पलीकडच्या गवतावर बरीच मुलं बसलेली होती, रविवारची, एकेकटी, दोघं-दोघं. वळून बघितलं तर शहर समोर होतं. सगळं एकदम. घड्याळाचं दार, वाचनालयाच्या खिडक्या, न्यायालयाचं छप्पर. आतून ज्याचा अंत लागत नव्हता ते इथून दोन हातांच्या ओंजळीत मावत होतं. मावशी बोट दाखवत राहिल्या, ते बघ, ते बघ, आणि भाचीही बोट दाखवत राहिली, आणि कोण कुणाला शहर दाखवतंय ते सांगता आलं नसतं. विद्यापीठाच्या मागे, चष्म्याच्या दुकानाची पिवळी पाटी ठिपक्याएवढी दिसत होती. तिच्या शेजारची फट दिसत नव्हती. पण ती शहरात नेमकी कुठे आहे हे मावशींना आता कळत होतं, आणि ते ऐकून नव्हे.

पाच वाजता फोन वाजला. भावजींनी खुशाली विचारली नाही. विचारलं, "बोला मावशी. काय करू?"

मावशींनी भाचीकडे पाहिलं. ती गवताच्या काड्या उपटत होती, मान खाली.

मग मावशींनी सगळं सांगितलं. भावजी, मी इतकी वर्षं तुम्हाला जे सांगत आले ते वाचलेलं होतं. बघितलेलं एक नाही. एकदा हरवले, मग घाबरून कधी गेलेच नाही. आज तुमच्या लेकीला घेऊन पहिल्यांदा निघाले, वही हातात धरून, एकेक ओळ तपासत. स्टेशनचा खांब, बस, वाचनालय, कुरकुरणारी खुर्ची, सूप. त्या न थांबता बोलत राहिल्या, आवाज चढत गेला, शेजारच्या मुलांनी वळून बघितलं. सूप सांडलेल्या बशीचंही त्यांनी सांगितलं.

 पलीकडे भावजींचा श्वास रोखलेला, काटा थांबेपर्यंत रोखतात तसा.

"म्हणजे काटा आज तपासलात," भावजी म्हणाले.

"हो."

"फरक किती निघाला?"

मावशींनी वही उघडून पान नऊवर अंगठा ठेवून पाहिला. "एका अंगठ्याचा," त्या म्हणाल्या. "तोही कडेला. आणि तो तुमच्या लेकीनं पकडला."

"तिनं पकडला?"

"तिनं. मी एकोणीस वर्षं त्याच्या प्रती काढतेय, मला दिसला नाही."

 मग भावजींनी सांगितलं की इतक्या वर्षांत तुम्ही सांगितलेलं मी कधी पूर्ण मानलंच नव्हतं, कारण कुठलाच काटा इतका बरोबर नसतो. आज मानतो. "राहू दे तिला," ते म्हणाले. "उद्या प्रवेश पक्का करा. आणि फोन तिच्या आईला देतो, तिला तुम्हाला चार शब्द सुनवायचे आहेत."

ते चार शब्द पाऊण तास चालले. बहीण आधी रागावली, मग हसली, मग नदी कशी आहे विचारलं, मग पुन्हा रागावली. भाची गवतावर उताणी पडून आकाशाकडे बघत मोठमोठ्यानं हसत होती. आणि जेव्हा दोघी पायऱ्या उतरून खाली आल्या तेव्हा होडी मधल्या पाण्यात होती, पाठमोरी, आणि काठावर एक पाटी होती, शेवटची होडी सहा वाजता.

पूल दीड मैल वर होता. मावशींनी बूट काढून हातात घेतले आणि चालायला लागल्या. वाटेत त्यांनी भाजीच्या पिशवीवाल्या एका बाईला रस्ता विचारला, अगदी सराईतपणे.

घरी पोचल्यावर ड्रॉवर उघडला. प्लास्टिकच्या पाकिटातून मूळ नववं पान काढलं. डावीकडे अंगठाभर जागेत, बाणाच्या टोकाशी, त्याच घाईच्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'होडी. सहाच्या आत परत ये, नाहीतर पुलावरून चालत यावं लागतं. मी तीनदा आलोय.' एकोणीस वर्षांपूर्वी मावशींनी हे वाचलं असणार, पण प्रतीतून गेलं तसं ते डोक्यातूनही गेलं होतं.

भाचीनं ते वाचलं आणि मावशींच्या पायांवरच्या फोडांकडे पाहिलं.

सोमवारी दुकान अर्धा तास उशिरा उघडलं, जे कधी झालं नव्हतं. चावीवाल्यानं विचारलं, तब्येत बरी आहे ना. मावशींनी मूळ नऊ कागद एकेक करून काचेवर ठेवले, कोपऱ्यापासून दोन बोटं आत सरकवून, आणि झाकण हलकेच टेकवलं. नव्या प्रतीचं पहिलं गिऱ्हाईक एक उंच, घाबरलेला मुलगा होता. त्यानं पान नऊ बघून विचारलं, हे खरंच आहे का.

"आहे तर," मावशी म्हणाल्या, आणि स्टुलावर बसल्या बसल्या एक पाय पुढे करून त्याला टाचेवरची पट्टी दाखवली. "पण पायात जुने बूट घालून जा."